घरोघरची वीज

सायंकाळ झाली कीं गिरगांवांतील चाळींत पूर्वीं एक ठराविक उद्योग चाले. कंदिलाची कांच राखेनें पुसावयाची, वात कातरावयाची, घासलेट भरावयाचें आणि मग दिवा लावावयाचा. त्या उद्योगाची जागा आतां भिंतीवरच्या एका बटणानें घेतली आहे. बटण दाबण्यास श्रम पडत नाहींत. म्हणूनच कीं काय, येणारी वीज कोठून येते आणि तिच्याशीं माणसानें कसें वागावें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

मुंबईच्या रस्त्यांवर 1865 सालीं गॅसचे दिवे लागले. 1882 मध्यें क्रॉफर्ड मार्केटांत व कांहीं रस्त्यांवर विजेच्या दिव्यांचा प्रयोग झाला. पण तें काम हातीं घेणारी कंपनी पुढल्याच वर्षीं मोडली आणि मार्केटांत पुन्हा गॅस आला. विजेनें पाय रोवला तो 1905 मध्यें, वाडीबंदर येथें वाफेवर चालणारें वीजघर उभें राहिलें तेव्हां. 1907 च्या मे महिन्यांत विजेची ट्राम धांवूं लागली. ट्राम 1964 सालीं बंद झाली, परंतु तिच्या जोडीनें जन्मलेली वीजवांटपाची व्यवस्था टिकली. 1947 च्या ऑगस्टांत ती नगरपालिकेच्या मालकीची झाली, आणि ‘बेस्ट’ या नांवानें ती आजहि घरोघर ओळखली जाते.

कोळसा मुंबईस दुरून आणावा लागे. पाऊस मात्र सह्याद्रीवर फुकट पडे. लोणावळ्याच्या परिसरांत धरणें बांधावीं, तें पाणी नळांतून सुमारें 500 मीटर खालीं खोपोलीस सोडावें व त्याच्या जोरावर चक्रें फिरवावीं, ही जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर, 1915 मध्यें, मूर्त झाली. या विजेवर आधीं गिरण्या चालल्या. पुढें भिवपुरी व भिरा येथेंहि वीजघरें झालीं. भिऱ्यासाठीं मुळशीचें खोरें बुडवावें लागलें. त्याविरुद्ध 1921 मध्यें मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला, सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें, अनेकांनीं तुरुंगवास सोसला. पण धरण झालेंच, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या भातखाचरांवर पाणी चढलें. 1956 पासून तुर्भ्याचें औष्णिक वीजघरहि मुंबईच्या सेवेस आहे. तरी रिकाम्या खोलींत पंखा फिरत ठेवणारानें मुळशीचें हें ऋण विसरूं नये.

खोपोलीची वीज परळच्या केंद्रापर्यंत आणावयाची तर मधलें अंतर मोठें. तारेंतून प्रवाह वाहिला म्हणजे तार तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणून वीज दूर नेतांना तिचा दाब फार वाढवितात. दाब वाढला कीं तेवढीच शक्ति थोड्या प्रवाहानें नेतां येते व नुकसान कमी होतें. शहरांत आल्यावर तो दाब पायरीपायरीनें उतरवितात. बेस्टच्या तारा जमिनीखालून गल्लीगल्लींत जातात, आणि शेवटीं 230 व्होल्टांची वीज चाळीच्या जिन्याखालील मीटरपर्यंत पोहोंचते.

मीटर मोजतो तीं ‘युनिटें’. 1000 वॉट एक तास वापरले कीं एक युनिट झालें. 100 वॉटचा जुना दिवा दहा तासांत एक युनिट खातो. 9 वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच युनिटांत शंभराहून अधिक तास जळतो. 75 वॉटचा पंखा तेरा तास चालतो. पण 2000 वॉटचा गीझर अर्ध्या तासांतच युनिट संपवितो. एवढें गणित गृहिणीस ठाऊक असलें, तर बिल येण्यापूर्वींच तें कोणत्या वस्तूमुळें फुगणार हें तिला सांगतां येईल.

जो नियम सह्याद्रीच्या तारांना, तोच चाळींतल्या तारांना. परळ-लालबागच्या कित्येक खोल्यांत प्रथम तारा घातल्या त्या एक दिवा व फार तर एक पंखा यांच्यापुरत्या. त्याच तारेवर आतां इस्त्री आणि पाणी तापविण्याची कांडी एकदम लावली, तर प्रवाह 10 अँपियरच्या घरांत जातो. 5 अँपियरच्या तारेंतून 10 अँपियर वाहूं लागले कीं तिची उष्णता चौपट होते. वरचें रबर वाळून तडकतें आणि लांकडी पट्टीच्या आंत, कोणास न दिसतां, आगीची तयारी होते.

या प्रसंगीं रक्षण करणारा फ्यूज. त्यांतील बारीक तार आधीं वितळते आणि घर वांचतें. पण तो पुन्हा पुन्हा उडतो म्हणून कोणी त्यांत जाड तांब्याची तार गुंडाळतो; हें म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधून चोरास दार उघडें ठेवणें होय. फ्यूज वारंवार उडूं लागला तर भार कमी करावा व परवानाधारक तारतंत्र्यास बोलवावें.

तथापि फ्यूज घरास वांचवितो, माणसास वांचवीलच असें नाहीं. अंगांतून जाणारा अगदीं थोडा प्रवाहहि घातक ठरतो, आणि फ्यूजला त्याची दखलहि नसते. त्यासाठीं दोन गोष्टी हव्या. एक, तीन पायांच्या प्लगांतील जाड पायास जोडलेली जमिनीची तार, म्हणजेच अर्थिंग. ती तोडूं नये. दुसरी, 30 मिलिअँपियर प्रवाह गळतांच क्षणार्धांत वीज बंद करणारें यंत्र. मोरीच्या ओल्या जमिनीवर उभें राहून बटणास हात लावूं नये. कांडी पाण्यांत असतां बटण बंद केल्यावांचून बादलींत बोट घालूं नये.

भाद्रपदांत तर दुप्पट सावधगिरी हवी. केशवजी नाईकांच्या चाळींत 1893 मध्यें सुरू झालेला सार्वजनिक उत्सव आज गल्लोगल्लीं दिव्यांनीं झगमगतो; परंतु पाऊस, बांबू, कापड आणि उघड्या तारा यांची संगत बरी नव्हे. मंडपास वीज घ्यावी ती रीतसर जोडणीनें. शेजारच्या खोलींतून तार ओढून नव्हे.

इतकें करूनहि कोणास विजेनें धरलें, तर त्यास हातानें ओढूं नये, ओढणाराहि सांपडतो. आधीं मेन स्विच बंद करावा. तो दूर असेल तर कोरड्या जागेवर उभें राहून कोरड्या लांकडानें तार दूर सारावी आणि मग वैद्यकीय मदत बोलवावी. आपल्या घरचा मेन स्विच कोठें आहे हें लहानांपासून थोरांपर्यंत प्रत्येकास अंधारांतहि सांगतां आलें पाहिजे. तो आज रात्रीं निजण्यापूर्वींच मुलांना दाखवून ठेवावा.