पिशवीचा बंद

प्लास्टिकचे दुष्परिणाम या सभागृहाला नव्याने सांगायला नकोत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांतून पिशव्यांचे बोळे निघाले, हे आपल्याला आठवतं. जून २०१८ पासूनची राज्यातली बंदी, जुलै २०२२ पासूनची देशातली बंदी, हेही ठाऊक आहे. म्हणून थेट माझ्या आग्रहाकडे येतो. शाळेतल्या प्रत्येक मुलाने, मुलगा असो की मुलगी, जुन्या कापडाची एक पिशवी सुईदोऱ्याने स्वतः शिवावी. तयार पिशव्या वाटून हे काम होत नाही. आपल्यापैकी किती जणांच्या घरी दारामागच्या खिळ्याला पिशव्यांनी फुगलेली पिशवी लटकते आहे? (हशा) म्हणजे तुटवडा पिशव्यांचा नाही. त्यांतल्या बऱ्याच तर कापडासारख्या दिसतात, पण असतात पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच. तुटवडा आहे तो निघताना पिशवी खांद्याला अडकवण्याच्या सवयीचा.

यावर अभ्यासू माणसं डेन्मार्कचा दाखला देतात. तिथल्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशेब मांडला, की सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीने प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते ती ५२ वेळा वापरल्यावर, आणि पाणी, खतं, ओझोन असे सगळे निकष लावले तर ७,१०० वेळा वापरल्यावर. आठवड्याला एक बाजार धरला तर पहिला आकडा एका वर्षाचा आणि दुसरा १३६ वर्षांचा. हा आकडा खोडून काढायचा नाही, नीट वाचायचा. एक तर त्यात रस्त्यावर पडून नाल्यात जाणाऱ्या पिशवीचा जाच धरलेला नाही. डेन्मार्कमध्ये तो किरकोळ असेल, आपल्याकडे नाही. दुसरं म्हणजे सुती पिशवीचा बराचसा भार कापूस पिकवण्याचा आणि त्याचं कापड करण्याचा आहे. विरलेल्या चादरीने, आखूड झालेल्या पँटने तो आधीच फेडलेला असतो. म्हणून नवं कापड आणून शिबिर भरवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ताग्यातून कापलेली पिशवी हा नवा खर्च आहे, पँटच्या पायाची पिशवी नाही.

पण शिवायची मुलांनीच कशाला, बचत गटाकडून मशीनवर का नको? इथे पिशवीच्या बंदाकडे बघावं लागेल. पाच किलो बटाटे घेतले की सारा भार बंद जिथे तोंडाला जोडला आहे त्या दोन बोटं जागेवर येतो. नवशिका हात तिथे एक धावदोरा घालतो. एक टाका तुटला की सगळी ओळ सरकते. उलटी टीप घातली तर प्रत्येक टाका मागच्याला धरून असतो. त्याहून बरं म्हणजे पिशवीचं तोंड दोनदा दुमडायचं, बंदाचं टोक आत मुडपून घ्यायचं, त्यावर चौकोनी टीप घालायची आणि चौकोनात फुली. फुलीने ओढ चारी कोपऱ्यांना वाटली जाते. ज्या मुलाला हे हाताने कळलं, त्याला उसवलेला बंद कचरा वाटत नाही, दहा मिनिटांचं काम वाटतं. हार्वर्डचे मायकेल नॉर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रयोगांतून दाखवलं, की माणूस स्वतः केलेल्या वस्तूला जास्त मोल देतो, मात्र काम पुरं झालं असेल तरच. म्हणून अर्धी शिवलेली पिशवी बाईंनी घरी नेऊन पुरी करणं हे मुलाचं नुकसान आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. बंदावर जास्त थांबलो, पण पिशवी फाटते ती तिथेच. राहिलेले आक्षेप भराभर घेतो. शाळेत वेळ नाही, असं म्हणतात. हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी असावा, हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यांतले दोन द्या. सुई टोचेल, हे खरं. लहानांना बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची द्या. कारखान्यांना मोकळं सोडून मुलांच्या माथी ओझं का, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मी कुणालाच मोकळं सोडत नाही. बंदी कडक व्हावी, उत्पादकांना दंड व्हावा. पण बंदी काटेकोर पाळली गेली, तरी भाजी कशात न्यायची हा प्रश्न संध्याकाळी मंडईत उभा राहतोच, आणि त्याचं उत्तर घरातून निघतानाच खांद्यावर असावं लागतं.

जूनमध्ये शाळा उघडतील. तोवर घरातली एक जुनी पँट बाजूला काढून ठेवा, आणि मूल पिशवी शिवायला बसेल तेव्हा सुई त्याच्या हातातून काढून घेऊ नका.