स्थलांतरितांची पोथी

(नभोवाणीवरील भाषण)

गोव्यातून दक्षिणेस कानडा मुलखात जी ख्रिस्ती कुटुंबे गेली, त्यांच्या गाठोड्यात सोनेनाणे फारसे नव्हते. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत हे स्थलांतर थोडेथोडे होत राहिले. कोणाला १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचे भय होते. कोणी करांनी, दुष्काळांनी किंवा मराठे आणि पोर्तुगीज यांच्या लढायांनी गांजले होते. साष्टी आणि बारदेश येथील शेते मागे राहिली. बेदनूरच्या नायकांनी कसावयास जमीन दिली, आणि मंगळुराच्या आसपास नवी घरे उभी राहिली. या घरांपैकी काहींत एक हस्तलिखित पोथी जपून ठेवलेली असे. ती पोथी म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण'.

हा ग्रंथकार स्वतःही परमुलखीचाच. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. चाळीस वर्षांत तो मायदेशी एकदाही परतला नाही. त्यातील बहुतेक काळ साष्टीत गेला, आणि तेथील नवख्रिस्ती लोकांची एक व्यथा त्याने ओळखली. धर्मांतराबरोबर त्यांची जुनी पुराणे सुटली होती, तशा पोथ्या बाळगणेही निषिद्ध झाले होते. परंतु सायंकाळी एकत्र बसून ओवी ऐकण्याची कानाची सवय सुटली नव्हती. बंदी घालणाऱ्यांना हे कळले नाही, स्टीफन्सला कळले. त्याने बायबलातील कथा सुमारे ११,००० ओव्यांत, कोकणीची छटा असलेल्या मराठीत, 'पैले पुराण' आणि 'दुसरे पुराण' अशा दोन भागांत गुंफली.

१६१६ साली राशोल येथे हा ग्रंथ छापला गेला, तो रोमन लिपीत. देवनागरी खिळे पाडावेत अशी स्टीफन्सची मनापासून इच्छा होती; परंतु युरोपीय लिपीस दोन डझन अक्षरे पुरतात, तेथे आपल्या जोडाक्षरांसाठी शेकडो साचे लागले असते. तो बेत तडीस गेला नाही. पुढे १६४९ आणि १६५४ या साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये मात्र व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. असल्या हुकुमाने भाषा मरत नाही हे खरे. पुस्तके मात्र नाहीशी होतात. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर कोणाच्या हाती लागलेली नाही.

पोथी टिकली ती नकलांतून, आणि त्याचे मोठे श्रेय परागंदा झालेल्यांकडे जाते. पुस्तक मिळेना तेव्हा त्यांनी हाताने उतरून घेतले. घरात बोलणे कोकणीत, बाजारात तुळू आणि कन्नड, आणि पोथी मराठीत! कित्येक शब्द अडत असतील. पण चाल ओळखीची होती. उपवासाच्या काळात आणि सणावारी पुराणाचे गायन होई. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या समाजास पकडून श्रीरंगपट्टणास नेले आणि १७९९ पर्यंत ती बंदी चालली. त्या पंधरा वर्षांत, ना देऊळ ना पाद्री अशा स्थितीत, पुराणातील ओव्यांनी धीर दिला, अशी श्रद्धा त्या लोकांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ज्यांचे शेत, घर आणि चर्च एकाच वेळी गेले, त्यांच्यापाशी पाठ केलेल्या ओवीवाचून दुसरे उरणार तरी काय?

अशा जतन झालेल्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास 'क्रिस्तपुराणा'ची आवृत्ती काढली. मूळ ग्रंथ जेथे छापला गेला त्या गोव्यातून नव्हे, तर गोवा सोडून गेलेल्यांच्या वस्तीतून तो पुन्हा जगापुढे आला. पुढे १९२५ च्या सुमारास, लंडनमधील मार्सडेन संग्रहात याच पुराणाची देवनागरी प्रत असल्याचे जस्टिन ॲबट यांनी दाखवून दिले. आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरीत त्याचे प्रकाशन केले. स्टीफन्सला खिळे मिळाले नव्हते, त्या लिपीत हे पुराण छापले जावयास ३४० वर्षे लागली.

मंगळुराकडील पुराणगायनाची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तग धरून होती. पुढे ती मंदावली. मराठी तेथे समजेनाशी झाली, आणि प्रार्थना कोकणीतून होऊ लागल्या. ओवी मात्र गेली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांस नारळाचा रस लावण्याचा 'रोस' हा विधी त्या घरांत अद्याप होतो, आणि त्या वेळी वडीलधाऱ्या स्त्रिया जे गातात त्यास तेथील लोक 'वोवियो' असेच म्हणतात.