भाडेकरूची अनामत

घर भाड्यानें घेतांना मालकाच्या हातीं ठेवलेली अनामत रक्कम म्हणजे भाडें नव्हे. ती भाडेकरूची ठेव होय. घर सोडतांना थकलेलें भाडें, विजेचें देणें व खरोखर झालेली मोडतोड एवढेंच तींतून वजा व्हावें आणि बाकी परत मिळावी, हा सरळ व्यवहार. परंतु पुष्कळदां किल्ल्या हातीं पडतांच मालक मौन धरतो. नोकरीपायीं मुंबईहून पुण्यास गेलेल्या कुटुंबाला नव्या घराचीहि अनामत भरावयाची असते. जुनी अडकली कीं कर्ज काढण्याची पाळी येते.

श्रोतेहो, अशा वेळीं संतापापेक्षां कागद उपयोगी पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५ व्या कलमान्वयें करार लेखी व नोंदलेला असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं भाडेकरूचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें.

तथापि रक्कम दिल्याचा पुरावा भाडेकरूजवळ हवा; म्हणून ती बँकेमार्फत द्यावी. रिकाम्या घराचीं छायाचित्रें काढावींत, किल्ल्या दिल्याची सही घ्यावी. उत्तर न आल्यास रक्कम व दिवस नमूद करून, पोंच मिळेल अशा टपालानें मागणीपत्र धाडावें. त्यानंतर वकिलाची नोटीस, आणि शेवटीं दावा. पैशाच्या दाव्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें सामान्यतः ३ वर्षें मिळतात. मालक गप्प बसला, म्हणून ती मुदत थांबत नाहीं.