पाळी चुकली तर विचारायचं कुणाला?

  आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. बैठक असते कर्जाची, वसुलीची. पण रजिस्टर मिटलं, चहा आला की खरी बोलणी निघतात. त्यातलं एक बोलणं कायम कानात होतं, "बाई, दिवस राहिलेत, आता काय करू?" आज त्यावर बोलायचं आहे. घरात पुरुषमाणसं असली तर रेडिओ बंद करू नका. त्यांनाही ऐकू द्या.

गटांमध्ये आम्ही एक साधा प्रश्न विचारून पाहिला. गर्भपात हा कायद्यानं गुन्हा आहे का? जवळजवळ सगळे हात वर. एक आजी म्हणाल्या, "पाप बी हाय अन् गुन्हा बी. दवाखान्याच्या भिंतीवरच लिहिलंय की." भिंतीवर काय लिहिलंय ते नीट वाचा, मैत्रिणींनो. तिथं लिहिलंय, गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. पोटात मुलगा की मुलगी हे बघणं, सांगणं, विचारणं हा गुन्हा. तो १९९४ चा कायदा. तो का लागला हे आपल्याला सांगायला नको. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीला २०१२ साली आणि सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ साली काय उघडकीला आलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. दोन्ही ठिकाणी बाईचा जीव गेला होता.

गर्भपाताचा कायदा वेगळा आहे आणि तो १९७१ पासूनचा आहे. त्या कायद्याच्या अटीत, मान्यता असलेल्या दवाखान्यात, शिकलेल्या डॉक्टरकडून केलेला गर्भपात हा गुन्हा नाही. दोन कायद्यांची ही गल्लत आपल्याकडं फार महागात पडली. भीतीपोटी बाई सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. मग कुणी पपई खातं, कुणी काढा पितं, कुणी "पिशवी धुऊन देतो" म्हणणाऱ्या बोगस डॉक्टरकडं जातं. वर पैसेही जातात. गटातून "घरखर्च" म्हणून उचललेलं कर्ज कुठं गेलं, हे आम्हाला कधीकधी फार उशिरा कळलं.

२०२१ साली या कायद्यात सुधारणा झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ते काही जणींनाच मिळतं. बलात्कार झालेली, अठरा वर्षांच्या आतली, दिवस गेल्यावर विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, बाळात गंभीर व्यंग निघालेली, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेली. २४ आठवड्यांच्या पुढं फक्त बाळात मोठं व्यंग असेल तर, तेही वैद्यकीय मंडळानं सांगितलं तरच. बाईच्या जिवालाच धोका असेल तर डॉक्टर ताबडतोब निर्णय घेऊ शकतात.

आठवडे मोजायचे कसे, यात खूप घोळ होतो. आपण म्हणतो "पाळी चुकून महिना झाला, म्हणजे एक महिन्याची." तसं नाही. शेवटची पाळी ज्या दिवशी आली, त्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकून महिना झाला तेव्हा साधारण आठ आठवडे झालेले असतात. ऊसतोडीला गेलेली बाई "परत गेल्यावर बघू" म्हणते आणि दिवस निघून जातात. पाळीची तारीख कॅलेंडरवर टिंब मारून ठेवा. कुणी विचारलं तर दुधाचा हिशेब म्हणा. पाळी चुकली तर आशाताईकडं लघवी तपासायचं निश्चय किट मिळतं, ते आठवड्याभरात करून घ्या.

आता सहीचं. आमच्या ओळखीतली एक ताई, दोन लेकरांची आई, तांबी असूनही दिवस राहिले. दवाखान्यात तिला सांगितलं, नवऱ्याची सही आणा. नवरा पुण्याकडं कामाला. तो येईपर्यंत तीन आठवडे गेले. दवाखान्याचं नाव आम्ही घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही. पण लक्षात ठेवा, बाई अठरा पूर्ण असेल तर कायद्याला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, भावाची नाही. संमतीचा कागद फॉर्म सी या नावाचा असतो, त्यावर सही तिची. अठराच्या आतली किंवा मानसिक आजार असलेली असेल तर पालकाची संमती लागते. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं आणि लग्न झालेली, न झालेली असा भेद करता येणार नाही असंही सांगितलं. बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अल्पवयीन मुलगी असेल तर पोक्सो कायद्याखाली डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. त्या भीतीनं आईबाप मुलीला घेऊन भलतीकडं जातात. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं आहे की मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. आपल्याकडं बालविवाह अजून होतात हे आपण सगळ्या जाणतो. म्हणून ही गोष्ट प्रत्येक गटात एकदा तरी वाचून दाखवा.

एक मात्र खरं सांगायला हवं. आपल्या कायद्यात बाईनं मागितलं आणि मिळालं असं अजून नाही. शेवटचं मत डॉक्टरचंच. आम्हाला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

गोळ्यांचं बघू. दोन वेगळ्या गोळ्या आहेत आणि मेडिकलवर त्यांची गल्लत होते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती तातडीची गोळी. ती दिवस राहू नयेत म्हणून असते, राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या. त्या नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. डॉक्टर आधी गर्भ पिशवीतच आहे ना, अंगात रक्त किती आहे, हे बघतात. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी काम होत नाही आणि जीव धोक्यात येतो. गोळ्या घेतल्यावर लागोपाठ दोन तास, तासाला दोन घड्या भिजत असतील, ताप उतरत नसेल, घाण वास येत असेल, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि काय घेतलं ते खरं सांगा.

दिवस राहूच नयेत म्हणून उपकेंद्रात निरोध, माला-एन, छाया गोळी, तांबी, अंतरा इंजेक्शन, सगळं फुकट मिळतं. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंतरा दर तीन महिन्यांनी. अंतरावर पाळी पुढं-मागं होते, कधी थांबतेच. मग शेजारीण म्हणते, "घाण रक्त पोटात साठलं." काही साठत नाही. अस्तरच तयार होत नाही म्हणून पाळी येत नाही. पण इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, हे टोचायच्या आधी सांगायला हवं. सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

ऑपरेशन मात्र कायमचं समजूनच करायचं. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं पडली. ऑपरेशन झालेल्या कित्येक बायांची लेकरं त्या रात्रीत गेली. पुढं त्यांच्यातल्या काहींनी नळ्या पुन्हा जोडून घेतल्या, पण नळी जोडली म्हणजे दिवस राहतीलच असं नसतं. आणि ऑपरेशन बायांचंच का? पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी सोपी, कमी धोक्याची. गटात विषय काढला की सगळ्या हसतात. हसा, पण घरी काढून बघा. ऑपरेशन होऊनही दिवस राहिले तर गर्भपात करून घेता येतो आणि सरकारी भरपाईसाठी ९० दिवसांत अर्ज करता येतो. त्यासाठी ऑपरेशनचा कागद लागतो, तो पेटीत ठेवा.

आणखी एक, पिशवीचं. पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून गेलेल्या बाईला "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल" असं सांगतात. बीडच्या ऊसतोड बायांची २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बायांमध्ये १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीला नांदेड-लातूरच्या बायाही जातात. पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी, दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

मग विचारायचं कुणाला? आशाताई, नर्सबाई यांना. पण आशाताई गावचीच सून, कुणाची जाऊ, कुणाची नणंद. बाईला वाटतं, बातमी फुटेल. तसं असेल तर आपल्याच केंद्रात जा असा नियम नाही. तालुक्याच्या किंवा दुसऱ्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा. नांदेडला श्यामनगरचं स्त्री रुग्णालय आहे, लातूरलाही स्त्री रुग्णालय आहे. गुंतागुंत असेल तर नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. मेडिकल कॉलेजला मात्र ती सवलत धरू नका. १०४ वर फोन करून आरोग्याचा सल्ला मिळतो. खासगी दवाखान्यात गेलात तर भिंतीवर गर्भपात केंद्राची मान्यता, फॉर्म बी, लावलेला असायला हवा. तो दिसला नाही तर "कुठं आहे?" म्हणून विचारा. शिकलेल्या मुलींनी डॉ. श्याम अष्टेकरांचं भारतवैद्यक वाचावं, ते मराठीत आणि गावासाठीच लिहिलेलं आहे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या नुसख्याखाली कुणा डॉक्टरचं नाव नसेल आणि खाली काही विकायला असेल, तर तो पुढं पाठवू नका.

हे बोलणं म्हणजे बाहेरचं खूळ असं कुणी म्हटलं, तर त्यांना सांगा, र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. शंभर वर्षं झाली या बोलण्याला.

दवाखान्यात कुणी अडवलं तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडं लेखी तक्रार करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बायांना फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन १५१००. आमच्या काही गटांनी हप्त्याच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर १०४, १०८, १८१ आणि १५१०० हे चार आकडे मोठ्या अक्षरांत लिहून घेतलेत, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आकडे ओळखता येतात म्हणून. तुमच्या रजिस्टरचं पान मोकळं असेल तर पेन घ्या, आम्ही पुन्हा एकदा सावकाश सांगतो. एक शून्य चार. एक शून्य आठ. एक आठ एक. एक पाच एक शून्य शून्य.