मडक्यांचा प्रवास

माणगंगेच्या काठी वसलेल्या म्हसवडास मार्गशीर्षात सिद्धनाथाची रथयात्रा भरते. अशा यात्रेच्या बाजारात चतुर गिऱ्हाईक माठ घेण्यापूर्वी त्यास टिचकी मारून पाहते. नाद खणखणीत निघाला तर माठ शाबूत. बद्द वाजला तर तडा गेलेला. पुष्कळदा हा तडा आव्यात नव्हे, तर वाटेत गेलेला असतो, आणि माती मळण्यापासून भाजण्यापर्यंतचे कुंभाराचे सारे श्रम एका हिसक्यासरशी मातीस मिळतात.

धक्का एकाच ठिकाणी एकवटला म्हणजे भांडे फुटते. पेंढा स्वतः दबतो आणि तो धक्का सावकाश, पुष्कळ जागेवर पसरवितो. म्हणून भांड्याचे पोट पेंढ्याने भरावे. कान व तोटी निराळी गुंडाळावी. जड भांडी तळाशी व हलकी वर ठेवावी. कोणतीही दोन भांडी एकमेकांस भिडू देऊ नयेत. पेंढा मात्र कोरडाच हवा. ओला पेंढा वाटेत सुकून आक्रसतो आणि भांडी सैल पडतात. दूरच्या प्रवासास पेटीत पेटी ठेवून मधली जागाही भरावी. पेटी बंद केल्यावर हलवून पाहावी; आत काहीही वाजता कामा नये.

मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा एक टिचकी मारावी. तोच खणखणीत नाद उमटला, म्हणजे कुंभाराचे श्रम सार्थकी लागले.