दिवाळीनंतरची मंडई

दिवाळीचे दिवे मालवले, पाहुणे परतले आणि फराळाचे डबे रिते झाले, म्हणजे शहरांतील घर सुनें वाटूं लागतें. ठेवणीतलीं वस्त्रें पेटींत जातात. थंडी वाढते तशीं दारेंहि लवकर लागतात.

सडक अर्जुनीच्या परिसरांत मात्र खरा उत्सव तेव्हांच सुरू होतो. गोंदिया जिल्ह्यांतील हा भातशेतीचा मुलूख झाडीपट्टींत मोडतो. भाऊबीजेपासून येथें गांवोगांव मंडई भरूं लागते. लेकीसुना, सोयरेधायरे जमतात, आणि रात्रीं सुरू झालेलें नाटक पहाटेपर्यंत चालतें. वडसा हें या नाटकमंडळ्यांचें मोठें ठाणें. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्यें पद्मश्री देण्यांत आली.

अशा रात्रीं पोषाखानें शोभावें आणि ऊबहि द्यावी. त्याचा धडा याच मुलखांत मिळतो. पूर्व विदर्भाच्या वनांत ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून कोसा रेशीम निघतें. त्याचा मधाळ रंग निसर्गाचाच; गडद लोकरी शालीशेजारीं तो विशेष खुलतो. शहरांतील कित्येक पेट्यांत असें लुगडें पुढच्या लग्नाची वाट पाहत पडून असतें. तें हिंवाळ्याच्या साध्या संध्याकाळींहि नेसावें.

मंडईचें मर्म मात्र आमंत्रणांत आहे. ज्या घरांतून मुलें परगांवीं परतलीं, तेथील वृद्धांना हे दिवस सर्वांत जड जातात. त्यांना बोलवावें, गोधड्या अंथराव्या, आणि चौघांनीं पात्रें वांटून घेऊन एखादें नाटक मोठ्यानें वाचावें. थंडीची एक रात्र तरी सोबतींत सरेल.