मेंदूतील रक्तस्राव : नळीवाटे उपचार आणि नंतरची दक्षता



मेंदूतील रोहिणीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी होऊन फुग्यासारखी फुगते आणि एके दिवशी फुटते. क्षणात असह्य डोकेदुखी सुरू होते. पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणे हाच मुख्य इलाज असे. १९९० साली लॉस एंजेलिस येथे गुइडो गुल्येल्मी या इटालियन डॉक्टरांच्या पद्धतीने, मांडीतील रोहिणीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरण्यास प्रारंभ झाला. २,१४३ रुग्णांच्या तुलनात्मक पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर मृत्यू वा परावलंबित्व नळीवाटे उपचारात शेकडा सुमारे २४, तर चिमट्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे ३१ आढळले.

परंतु या उपचारात एक पेच आहे. नळीवर वा तारेवर रक्ताची गुठळी धरली तर अर्धांगवायू होऊ शकतो. म्हणून रक्त गोठू नये यासाठी हेपॅरिन द्यावे लागते. आणि रुग्ण तर रक्तस्रावानेच आलेला! उपचार चालू असतानाच फुगा पुन्हा फुटला, तर प्रोटामाइनने हेपॅरिनचा प्रभाव उतरवतात आणि वेटोळी भरण्याचे काम नेटाने पुरे करतात. तेथे हात आखडणे अधिक धोक्याचे.

फुग्याची मान रुंद असल्यास जाळीदार स्टेंटचा आधार द्यावा लागतो. मग ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल आलेच. मेंदूत पाणी साचून ते काढण्यासाठी कवटीतून नळी घातली असेल, तर या गोळ्यांमुळे नळीच्या वाटेवर रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच फुटलेल्या फुग्यात स्टेंट शक्यतो टाळतात. मांडीतील छिद्राचे रक्त कधी पोटामागे साचते. बाहेर काही दिसत नाही, केवळ कंबर दुखते आणि रक्तदाब उतरतो.

रुग्ण गावी परतला की रुग्णालयाचा कागद बहुधा पेटीत जातो. तो हाताशी हवा. स्टेंटच्या गोळ्या परस्पर बंद केल्यास गुठळीचे भय. अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक आणून घेतल्यास रक्तस्रावाचे. दात काढण्यापूर्वीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. शौचास काळे होणे, नवी तीव्र डोकेदुखी वा वाढती गुंगी दिसताच रुग्णाला कागदासह रुग्णालयात न्यावे. शिवाय वेटोळी कालांतराने दबून फुग्यात पुन्हा रक्त शिरू शकते. त्यासाठी ठरलेल्या तारखेची रोहिणीचित्र तपासणी, प्रकृती ठणठणीत वाटली तरी, करून घ्यावी लागते.